नोंदीत नसलेलं वादळ

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत अरबी समुद्रात वादळं जवळजवळ झालीच नाहीत. निदान आमच्या तक्त्यात तरी तसं दिसत होतं. लढाईच्या आधी वादळं होती, लढाई संपल्यावर पुन्हा सुरू झाली, मधली वर्षं समुद्राने शहाण्यासारखी काढली. हा तक्ता मी स्वतः केला होता, त्यामुळे बेरीज चुकली असं म्हणायची सोय नव्हती.

मी हवामान खात्यात नोकरी केली. पन्नासच्या दशकात अंधेरीजवळ विमानतळाच्या कडेला आमचं एक बैठं ऑफिस होतं, तिथे. माझ्या जागेचं नाव होतं ‘कॉम्प्युटर’. हे सांगितलं की आता घरातली मुलं हसतात. पण तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे माणूसच असायचा. तो खुर्चीवर बसायचा, आणि दुपारी त्याला चहा लागायचा. गणित घेऊन बी. ए. झाल्यावर मी शाळेत शिकवावं अशी वडिलांची इच्छा होती. मला मुलांपेक्षा आकडे बरे वाटले. आकडे उलट बोलत नाहीत असा तेव्हा माझा समज होता.

काम तसं सोपं होतं. किनाऱ्यावरच्या गावांतून आणि समुद्रातल्या बोटींवरून दिवसातून काही वेळा तारा यायच्या. हवेचा दाब किती, वारा कुठून, केवढा, आभाळ कसं. मी त्या आकड्यांच्या दुरुस्त्या करायची, म्हणजे उंचावरच्या गावाचा दाब समुद्रसपाटीला आणायचा, वगैरे. मग ते नकाशावर मांडायचे आणि सारख्या दाबाच्या जागा रेघेने जोडायच्या. रेघांची वर्तुळं झाली की समुद्रात काहीतरी शिजतंय असं समजायचं. वर्तुळं जितकी दाटीने, तितका वारा जोराचा. बस्स. बाकी सगळा तांदूळ निवडण्यासारखा कंटाळा होता, आणि मला तो आवडायचा.

अडचण यायची ती ‘वादळ’ या शब्दाची. लोकांच्या लेखी दोरीवरचं धुणं उडालं की वादळ. आमच्या लेखी समुद्रावरचा वारा ठरावीक वेगाच्या वर गेला तरच वादळ, त्याच्या खाली नुसतं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र. बोरीवलीचे एक गृहस्थ त्यांच्या घराची कौलं उडाली म्हणून दाखला मागायला आले होते. मी त्यांना सांगितलं, “त्या दिवशी वादळ नव्हतं. जोराचा वारा होता.”

“मग माझी कौलं?”

“ती जोराच्या वाऱ्याने गेली.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की कौलं मीच काढून नेली असावीत.

आमचे साहेब सबनीस. राहायला घाटकोपरला. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि बारा महिने छत्री. कडक उन्हातही छत्री घेऊन येत. त्यांचा स्वतःच्या अंदाजावर विश्वास नव्हता असं नाही, त्यात चूक किती असते हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. उभ्या आयुष्यात ते ‘पाऊस पडेल’ असं म्हणाले नाहीत. ‘पडण्याचा संभव आहे’ म्हणत. त्यांच्या पत्नी एकदा मला म्हणाल्या, “अगं, मला बघायला आले तेव्हा होकारसुद्धा असाच दिला यांनी. माझे वडील दोन दिवस अर्थ लावत बसले होते.”

त्या सुमारास लागोपाठ दोन वर्षं दिवाळीच्या आगेमागे समुद्रात वादळं उठली आणि किनाऱ्याजवळून गेली. नुकसान बेताचंच झालं, पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला. बडी राष्ट्रं तेव्हा कुठेकुठे बाँबच्या चाचण्या करत होती. कोणीतरी लिहिलं की या बाँबमुळे हवा बिघडली आणि वादळं वाढली. झालं. आमच्या ऑफिसात माणसांची रीघ लागली. मुलुंडच्या एका नव्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांना विचारायचं होतं की वादळं वाढणार असतील तर कौलं घालावीत की स्लॅब टाकावा. एका मुलीचे वडील आले, त्यांना मांडवाची तारीख काढून हवी होती. घाटकोपरचे एक निवृत्त हेडमास्तर तर दर शनिवारी येऊ लागले. वादळ येण्याआधी त्यांचा उजवा गुडघा दुखायचा. पूर्वी वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा दुखे, आता वारंवार दुखतो, तेव्हा वादळं वाढली हे उघड आहे, असं त्यांचं म्हणणं.

साहेबांनी गंभीरपणे विचारलं, “गुडघ्याचं वय काय?”

मास्तर गेल्यावर मी हसायला लागले. साहेब म्हणाले, “मिस कर्णिक, यात हसण्यासारखं काही नाही. समुद्र बिघडला की गुडघा, हे आधी ठरवावं लागतं. आपल्या यंत्रांचंही तेच आहे.”

मग वरच्या ऑफिसातून रीतसर विचारणा आली. जुन्या नोंदी मिळतात तेव्हापासून आजवर अरबी समुद्रातली वादळं संख्येने वाढली आहेत काय, आणि जोराने वाढली आहेत काय. उत्तर लवकर द्यावे. हे काम माझ्याकडे आलं. मी काही महिने जुनी दप्तरं उपसली, एकेका वर्षाची वादळं मोजली आणि आलेख काढला. रेघ वर चढत होती. मधे लढाईच्या वर्षांत खड्डा, मग पुन्हा वर. मी खुशीत साहेबांपुढे कागद ठेवला. “सर, वाढलीत.”

त्यांनी बराच वेळ तो पाहिला. “काय वाढलंय? वादळं, की बघणारे?”

मला कळलं नाही. त्यांनी बोटाने आलेखाची डावी बाजू दाखवली. “इथे शिडाची जहाजं. ज्याला वादळ गाठायचं तो सांगायला परत यायचाच असं नाही. इथे आगबोटी आल्या. इथे त्यांच्यावर बिनतारी यंत्रं बसली. जितक्या बोटी जास्त, तितकी वादळं जास्त सापडणार. रस्त्यावर दिवे लावले म्हणून खड्डे वाढत नाहीत.”

“आणि लढाईत?”

“लढाईत बोटींनी तोंड मिटलं होतं. तार केली की शत्रूच्या पाणबुडीला पत्ता लागायचा. बोटी वादळातून जात होत्या, पण सांगत कोणी नव्हतं.”

जोराच्या प्रश्नाचं तर त्याहून वाईट होतं. वादळाचा खरा जोर त्याच्या पोटात. तिथला आकडा मिळायला तिथे कोणीतरी असावं लागतं. आणि आमचे इशारे जसजसे सुधारत गेले तसतसे कप्तान वादळाला वळसा घालून जाऊ लागले. आम्हाला कडेकडेचे वारे तेवढे कळायचे. म्हणजे आम्ही आमचं काम जितकं चांगलं करू तितकी वादळं कागदावर मऊ होत जाणार. इतकी नामुष्कीची नोकरी दुसरी नसेल.

अशा दिवसांत, पावसाळा संपून ऊन तापायला लागलं होतं तेव्हा, एक बाई आमच्या खिडकीशी आली. तिशी ओलांडलेली, धुवट फ्रॉक, डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी. तिने विचारलं, “इथे वादळाचा दाखला मिळतो ना?”

मला वाटलं कौलं. “कधीचं वादळ?”

“लढाईच्या वेळचं.”

तिने वर्ष सांगितलं, आणि ख्रिस्ती लोक नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्या माणसांचा दिवस पाळतात त्याच्या आधीचा आठवडा सांगितला. दिवसही सांगितला. त्या दिवशी गावात लग्न होतं म्हणून तो साऱ्या गावाच्या लक्षात होता. मी तक्ता काढून बघितला. बघायची गरज नव्हती, तो मला पाठ होता.

“त्या दिवशी वादळ नाही.”

तिला आश्चर्य वाटलं नाही. “आमच्या पाद्रीसायबांना पण तुमच्याकडून हेच कळलं होतं. मी म्हटलं, आपण सोता जाऊन विचारावं. कागदापेक्षा माणूस बरा.”

मी तिला आत बोलावून स्टुलावर बसवलं. तिचं नाव रेजिना. सासर मनोरीचं, म्हणजे मालाडच्या पलीकडे मार्व्याची खाडी ओलांडून जे गाव लागतं तिथलं. ती मालाडला एका बिस्किटाच्या कारखान्यात कामाला होती. नवरा इनास मासेमारी करायचा. लढाई चालू असताना, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, तो त्याच्या एका चुलतभावाबरोबर होडी घेऊन गेला तो आलाच नाही. बाकीच्या होड्या गावातल्या त्या लग्नामुळे किनाऱ्यावर होत्या. होडी सापडली नाही, फळकुटसुद्धा सापडलं नाही. गावात वादळ असं काही झालं नव्हतं. मग कोणीतरी बोललं की लढाईच्या बोटीने दोघांना उचललं असेल, कामाला माणसं लागतात, बसऱ्याला नेलं असेल. लढाई संपली. बसऱ्याहून कोणी आलं नाही.

आता मरोळला फिटर असलेला डॉमनिक नावाचा एक जण तिच्याशी लग्न करायला तयार होता. तयार म्हणजे, कित्येक वर्षं थांबला होता. पण त्यांच्या धर्मात नवरा मेला अशी खात्री पटल्याशिवाय दुसरं लग्न लागत नाही. प्रेत नाही, पाहिलेला साक्षीदार नाही. वादळ झालं असतं तर बिशपांच्या कचेरीने विचार केला असता. पण आमच्या खात्याने कळवलं होतं की वादळाची नोंद नाही.

“आणि घरी कोण असतं?” मी विचारलं.

“मी आणि सासू. आम्ही दोघीच.” तिने पिशवी मांडीवर घेतली. “सासूला वादळ नकोय, बाई. वादळ नव्हतं तर तिचा पोर कुठेतरी जिवंत आहे. तुमच्या हापिसाचं पाद्रीसायबांनी सांगितलं तेव्हा तिने गावात नारळ वाटले.”

“आणि तुम्हाला?”

“मला हवंय असं कसं म्हणू? पण मी कोण आहे तेवढं तरी कोणी सांगा. बायको का विधवा. दोन्हीतलं एक.”

पार्टिशनच्या मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साहेब बाहेर आले. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

“नोंद नाही याचा अर्थ वादळ नव्हतं असा होत नाही,” ते म्हणाले.

रेजिना उठून उभी राहिली. “मग होतं?”

“असाही होत नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

“थोडे दिवस द्या आम्हाला,” साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून आलेलं हे मी ऐकलेलं पहिलं आश्वासन.

बोटी गप्प होत्या, पण किनाऱ्यावरच्या ठाण्यांनी लढाईतही दाब मोजायचं सोडलं नव्हतं. तेवढे आकडे मी काढले. हवेचा दाब रोज ठरलेल्या वेळी चढतो आणि ठरलेल्या वेळी उतरतो. तो रोजचा चढउतार वजा केला की उरतं ते खरं. वेंगुर्ल्याला दाब थोडा उतरलेला होता. मग रत्नागिरीला. मग मुंबईला. मग पार वर वेरावळला. काहीतरी समुद्रातून दक्षिणेकडून उत्तरेला गेलं होतं. पण उतार फार नव्हता. गेलं ते लांबून गेलेलं मोठं वादळ असेल, नाहीतर जवळून गेलेलं किरकोळ डिप्रेशन. वाऱ्याची दिशा कळली असती तर ठरवता आलं असतं. पण मुंबईचं वाऱ्याचं यंत्र नेमकं त्या दिवसांत बंद होतं, लढाईत सुटे भाग मिळत नसत.

“समुद्रावर उभं राहून त्या दिवशी वारा अंगावर घेतलेलं माणूस पाहिजे,” साहेब म्हणाले.

“बारा वर्षांपूर्वीचा वारा कोणाला आठवेल, सर?”

“ज्याचं कोणी त्या दिवशी गेलंय त्याला.”

म्हणून एका रविवारी आम्ही मनोरीला गेलो. मालाडहून बसने मार्व्याला, तिथून होडीने पलीकडे. साहेब होडीत छत्री उभी धरून बसले होते, ऊन लखलखीत होतं. रेजिना आम्हाला घ्यायला आली होती.

सासूचं नाव कातरीनबाय. लाल चौकड्याचं लुगडं नेसलेली, काटक, काळी कुळकुळीत म्हातारी. अंगणात भात वाळत घालत होती. घराच्या मागे पन्नासेक पावलांवर समुद्र. तिने आम्हाला बाकावर बसायला सांगितलं, स्वतः उभी राहिली.

“तुम्ही वादळवाले?”

“हो,” साहेब म्हणाले.

“मंग ऐका. त्या दिशी वादळ नव्हतं. मी हितं होती. उगाच माज्या सुनेचं ऐकून कायपण लिवू नका.”

“आम्ही काही लिहायला आलो नाही. त्या दिवशी वारा कसा होता तेवढं सांगा.”

तिला हे बरं वाटलं असावं. इतकी वर्षं तिला कोणी ते विचारलं नव्हतं. सगळे फक्त तिची समजूत घालत होते. ती बोलायला लागली, आणि मला कळलं की बाईने तो दिवस रोज एकदा तरी उलगडून पुन्हा घडी करून ठेवला असणार.

“पहाटे मतलईवर गेला. रोजच्यासारका.” जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. शिडाच्या होड्या सकाळी त्याच्यावर बाहेर पडतात. दुपारी वारा उलटतो, समुद्राकडून खारा वारा सुटतो, त्याच्यावर घरी येतात. हे भूगोलात मीही शिकले होते, पण त्या वाऱ्यांवर कोणी जातं-येतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. “मी दुपारी हितंच होती. खाऱ्याची वाट बगत. खारा सुटला का तो येनार. तर खारा आलाच नाय.”

“आलाच नाही?”

“नाय ना. म्हणून तर सांगते. सकाळचीच मतलई चालू ऱ्हायली. मंग ती जरा अशी सरकली,” तिने हाताने पूर्वेकडून दक्षिणेकडे अर्धी कमान काढली, “आणि सांजेला पार मडच्या टोकाकडून यायला लागली.” मड म्हणजे दक्षिण. “खारा नाय, तर तो येनार कसा? होडी भायेर रखडली, मोठी आगबोट आली, तिनं उचलला. हे मी पयल्या दिवसापासून सांगते.”

“जोर होता वाऱ्याला?”

“जोर कसला. पाखडलेला कोंडा पण धड उडत नव्हता.”

“आणि पाणी?”

“लाटा मोठ्या होत्या. पण अशा लांब लांब, सावकाश येत होत्या. वारा नाय तर लाटेला काय भ्यायचं?”

साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मीही मान वर केली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारचा खारा वारा चुकत नाही. त्याला दाबून टाकील असं काहीतरी समुद्रात असावं लागतं. आणि वारा नसताना येणाऱ्या लांब, संथ, मोठ्या लाटा कुठेतरी दूर पाणी घुसळलं जातंय हे सांगतात. म्हातारी वादळ नव्हतं म्हणून एकेक गोष्ट सांगत होती, आणि ती एकेक गोष्ट मुंबईच्या पश्चिमेला एक वादळ उभं करत होती.

तिने आमच्या तोंडांकडे बघितलं. “काय झालं?”

आभार मानून निघता आलं असतं. मला वाटलं साहेब निघतील. ते उठले, छत्री बाकावर ठेवली आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

“बाई, वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की वादळ उजव्या हाताला असतं,” ते म्हणाले. “सकाळी वारा पूर्वेचा. हा असा.” त्यांनी पूर्वेकडे तोंड केलं आणि उजवा हात सरळ पसरला. हात दक्षिणेकडे गेला. “मग तो सरकला.” ते थोडे वळले. “संध्याकाळी मडच्या टोकाकडून.” ते आणखी वळले.

टोपी-कोटातला एक गृहस्थ हात पसरून अंगणात हळूहळू फिरतोय हे बघून कोंबड्या बाजूला झाल्या. साहेब थांबले तेव्हा त्यांचा हात घराच्या कोपऱ्यावरून थेट समुद्राकडे होता.

कातरीनबाय आधी हाताकडे बघत राहिली. मग हाताच्या पलीकडे.

“म्हंजे ते भायेर होतं,” ती म्हणाली.

“बाहेर होतं.”

“लांब?”

“लांब. इथे उभ्या असलेल्या कोणालाच ते कळलं नसतं.”

ती खाली भाताच्या कडेला बसली. रेजिना दारात उभी होती. तिला हवं होतं ते मिळालं होतं, पण तिच्या तोंडावर तसं काही दिसलं नाही. बऱ्याच वेळाने म्हातारीने तिला हाक मारली आणि पाहुण्यांना पाणी द्यायला सांगितलं.

दाखला साहेबांनी स्वतः लिहिला. त्यात ‘संभव’ हा शब्द नव्हता, मी दोनदा वाचून बघितला. बिशपांच्या कचेरीतून एक वृद्ध पाद्री ऑफिसात आले. त्यांनी साहेबांना दाब, वारा, लाटा सगळं विचारलं, मधेमधे लॅटिनमध्ये स्वतःशी काही म्हटलं. शेवटी विचारलं, “तुमच्याच खात्याने आधी नाही म्हटलं होतं. आता हो म्हणता. यातलं खरं काय समजायचं?”

“आधी आम्ही आमच्या कागदाबद्दल बोललो होतो,” साहेब म्हणाले. “आता समुद्राबद्दल बोलतोय.”

काही आठवड्यांनी परवानगी आली.

आमचा अहवालही त्याच सुमारास गेला. हे वादळ तक्त्यात धरायचं का, असं मी विचारलं होतं. साहेब म्हणाले, धरा, प्रश्नचिन्ह घालून. पण आपण एकाच गावात विचारलं हे विसरू नका. किनाऱ्यावर गावं किती आहेत? मी त्या दिवसापासून आलेखातला तो खड्डा खड्डा म्हणून बघायचं सोडलं. अहवालात आम्ही लिहिलं की वादळं संख्येने वाढली असं सिद्ध होत नाही, वाढली नाहीत असंही सिद्ध होत नाही, आणि जोराबद्दल तर काहीच म्हणता येत नाही. जोराबद्दल काही का म्हणता येत नाही यावर साहेबांनी स्वतः बरीच पानं लिहिली. वरच्या ऑफिसने उलट टपाली कळवलं की उत्तर स्पष्ट असावं. वर्तमानपत्रात बातमी आली, ‘वादळे वाढलेली नाहीत’. दुसऱ्या वर्तमानपत्रात आली, ‘वादळे वाढल्याची शक्यता’. मुलुंडच्या सोसायटीने स्लॅब टाकला.

पुढे उपग्रह आले. आता समुद्रात ढगाचं कुठे वर्तुळ झालं की लगेच दिसतं, आणि तसंच व्हायला हवं. वादळं जोराने वाढतायत असं नवी मंडळी सांगतात, ते खरंही असेल, त्यांच्याकडे डोळे आहेत. पण आजच्या आकड्यांशेजारी आमचे आकडे ठेवून कोणी सरळ रेघ मारली की माझा हात अजून आखडतो. आमच्या आकड्यांत, जी सांगायला माणसं परत आली तेवढीच वादळं आहेत.

लग्न त्यांचा चाळीस दिवसांचा मोठा उपास लागायच्या आधी झालं, मनोरीच्याच देवळात, म्हणजे चर्चमध्ये. आम्हा दोघांना बोलावणं होतं. त्याआधी काही दिवस कातरीनबायने इनासच्या नावाने मिस्सा, म्हणजे मेलेल्यासाठी करतात ती प्रार्थना, करून घेतला होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि सुनेचं लग्न तिने आपल्या घरातून लावून दिलं, मुलीचं लावतात तसं. मांडव त्याच अंगणात होता. डॉमनिक नव्या सुटात घामाघूम झाला होता. बँडवाले मालाडहून आलेले, एकच गाणं त्यांना नीट येत होतं, ते परत परत वाजवत होते.

कातरीनबाय काळ्या लुगड्यात होती. तिने साहेबांसाठी नव्या भांड्यात वेगळी वालाची भाजी करवून घेतली होती. ती स्वतः पान घेऊन आली, त्यांच्यापुढे ठेवलं, आणि गेली नाही. पदराशी चाळा करत उभी राहिली.

“सायेब, एक इचारू?”

“विचारा.”

“गावात बोलतात. बोलतात का त्यो पिऊन गेला आसंल. त्याला शीड आवरलं नाय. दुसरा कोन आसता तर परत आला आसता.” बँड वाजत होता, त्यामुळे ती वाकून, साहेबांच्या कानाशी बोलत होती. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. “ते वादळ केवढं होतं?”

त्या वादळाच्या पोटात कोणी नव्हतं. किनाऱ्यावरून त्याचा जोर काढता येत नाही, हे मी त्याच महिन्यात साहेबांच्या अक्षरातून सुवाच्य नकलून वर पाठवलं होतं. मी पानाकडे बघत बसले.

“मोठं होतं,” साहेब म्हणाले.

“कितीबी चांगला नाखवा आसता तरी?”

“तरी.”

म्हातारीने मान हलवली. मांडवात लोक हसत होते, मुलं बाकांखालून पळत होती.

“मंग त्यो तरी काय करनार,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या पंगतीचा भात झाला का ते बघायला आत गेली.